ठाऊक असलेलं कशाला विचारायचं?

इंग्रजी कसं शिकवावं हे मला आयुष्यात इतक्या लोकांनी सांगितलंय, की आता कुणी ‘मॅडम, नवीन पद्धत आलीय’ म्हणालं की आधी माझी कंबर दुखायला लागते. आधी भाषांतर करून शिकवा म्हणाले. मग मराठीचा एक शब्द वर्गात काढायचा नाही म्हणाले. मग वाक्यांचे साचे आले, मग संभाषण आलं, मग चित्रांची कार्डं आली आणि कार्डांबरोबर ती कार्डं सांभाळून ठेवायचा हुकूम आला. प्रत्येक वेळी ठाण्याला नाहीतर कल्याणला प्रशिक्षण. चहा, बिस्किटं, आणि पुढे उभा असलेला माणूस असा की ज्याने डोळखांबच्या पुढचा रस्ता नकाशातसुद्धा पाहिलेला नाही. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवायची आणि शेवटच्या एसटीची काळजी करायची.

नव्वदच्या दशकात मी शहापुरात राहत होते आणि डोळखांबच्या बाजूच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. त्याआधी किन्हवलीला होते. तिथे मुलं निदान तोंड उघडायची, चुकायची, हसायची. इकडे बदली झाली आणि माझी बोलतीच बंद झाली. सापगाव मागे पडलं की गाडीत उभं राहायलासुद्धा जागा नसायची. शाळेत पोचेपर्यंत साडीची इस्त्री आणि माझा उत्साह दोन्ही एकदमच गेलेले असायचे.

आठवीचा वर्ग होता. बरीचशी मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरची. घरात त्यांची बोली वेगळी, शाळेतली मराठी म्हणजे त्यांना आधीच एक परकी भाषा, आणि त्यावर मी इंग्रजीचं ओझं घेऊन उभी. पहिल्याच दिवशी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे पुस्तक उंच धरलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘व्हॉट इज धिस?’’

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘‘व्हॉट इज धिस!’’

मी म्हटलं, ‘‘नो, नो. टेल मी.’’

‘‘नो, नो. टेल मी!’’ वर्ग पुन्हा ओरडला.

कपाळावर हात मारून घेतला. त्यांचा काय दोष? पाचवीपासून त्यांना एवढंच माहीत होतं की शिक्षक इंग्रजीत जे म्हणेल ते त्याच्या मागून जोरात म्हणायचं. मी जर तेव्हा ‘अरे देवा’ इंग्रजीत म्हटलं असतं तर त्यांनी तेही सुरात म्हटलं असतं.

मग एकेकाला उभं करून विचारायला लागले. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. सडपातळ, केस तेलाने चप्प बसवलेले, आणि नजर सतत माझ्या चेहऱ्यावर. पाठ्यपुस्तकातले शब्द तिला येत होते. मराठीत लिहिलं की त्याचं इंग्रजी ती वहीत बरोबर लिहून दाखवायची. पण पुस्तक दाखवून तोंडी विचारलं की ढिम्म. खाली बघून उभी राहायची. ‘अगं बोल की!’ म्हणून मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. काही नाही. असे काही आठवडे गेले आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. येत असून न बोलणाऱ्या पोरीचा जेवढा राग येतो तेवढा न येणाऱ्यांचा येत नाही.

शेवटी एका दुपारी मधल्या सुट्टीत तिला गाठलं आणि मराठीत विचारलं, ‘‘का गं? तुला येतं, तरी तू बोलत का नाहीस?’’

तिने माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. मग म्हणाली, ‘‘बाई, पुस्तक तुमच्या हातात हाय. तुमाला म्हाईत नाय का काय हाय ते?’’

‘‘मला माहीत आहे गं. पण तुला येतं का ते बघायचंय.’’

‘‘आमच्यात असं कोणी विचारत नाय.’’ तिने नजर वळवली. ‘‘असं फॉरेस्टचा गार्ड विचारतो. मोळी डोक्यावर दिसते नं त्याला? तरी विचारतो, काय गो, हे काय हाय? कुठनं आणलंस? आई बोलते, ज्याला म्हाईत हाय न तरी विचारतो त्याला उत्तर द्यायचं नाय. काय पन बोललं तरी आपनच फसतो.’’

तो माझ्या डोक्यात कधीच न आलेला विचार होता. पाड्यावरच्या पोरांना लहानपणापासून दिलेली शिकवण होती ती, आपण हात जोडायला शिकवतो तशी. ठाऊक असलेलं विचारणारा माणूस म्हणजे सापळा लावणारा माणूस, त्याच्यापुढे खाली बघायचं आणि गप्प राहायचं. आणि मी रोज पुस्तक, खडू, डस्टर, खिडकी दाखवत वर्गात गार्ड होऊन उभी राहत होते! ठाण्याच्या कुठल्याच प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण?

तरीपण मी लगेच काही बदललं असं नाही. शहाणपण सुचायलासुद्धा अंगात जीव लागतो. बदललं ते आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, आणि तेही मी दमले होते म्हणून.

त्या दिवसांत मुली पहाटे शेतावर वाकून भाताची रोपं लावायच्या आणि तिथूनच शाळेत यायच्या. हातांची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली, नखांत चिखल, आणि डोळे मिटत चाललेले. मी तर डोळखांब फाट्यापासून शाळेपर्यंत भिजत आले होते. खुर्चीत बसले. पुस्तक उघडायची ताकद नव्हती. समोर ती तिसऱ्या बाकावरची मुलगी हनुवटी हातावर टेकून पेंगत होती. तिला बघून तोंडातून सहज निघालं, ‘‘आर यू टायर्ड?’’

शब्दाचा अर्थ तिला माहीत होता, नुकताच वर्गात शिकवून झाला होता. तिने मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं. मी खरंच विचारतेय का, हे ती बघत असावी. मग म्हणाली, ‘‘येस.’’

ती पहिल्यांदा बोलली होती. आणि मग तिने, कुणी शिकवलेलं नसताना, विचारलं, ‘‘यू?’’

‘‘नो, नो,’’ मी म्हटलं. शिक्षकाने असंच म्हणायचं असतं.

अख्खा वर्ग खो खो हसायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘बाई खोटं बोलतात!’’ माझ्या पदरातून पाणी ठिबकत होतं, मी खुर्चीत अर्धी आडवी झाले होते, आणि म्हणत होते नो. मला पण हसू आवरेना. त्या दिवशी मी फळ्यावर एक कायदा लिहून टाकला. इथून पुढे इंग्रजीच्या तासाला जे आपल्याला माहीत नाही तेच विचारायचं, आणि उत्तर खरं द्यायचं.

बस्स, एवढीच माझी पद्धत. तिला नाव नाही, तिची कार्डं नाहीत. मी रोज घरून निघताना विचार करायचे की या मुलांबद्दल मला काय ठाऊक नाही. ते शोधायला कष्ट पडायचे नाहीत, काहीच ठाऊक नव्हतं. काल काय खाल्लं? शेळी व्याली का? भाऊ कुठे गेला? मुलं तुटक्या इंग्रजीत सांगायची आणि शब्द अडला की माझ्या अंगावर धावून यायची. ‘‘बाई, चिंबोरीला काय बोलतात?’’ ‘‘बाई, सासरी गेली कसं बोलायचं?’’ शब्द त्यांना हवे असायचे, म्हणून ते राहायचे. आणि मग मुलं उलट मला विचारायची. ‘‘बाई, युवर सासू गुड?’’ आता काय बोलायचं? कायदा माझाच. मी गप्प बसले की वर्ग टाळ्या वाजवायचा.

असं वाटेल की सगळं छान झालं. तसं काही नसतं. शिकवण्याचा क्रम मागे पडायचा, मुख्याध्यापक फळ्यावर ‘सासू’ बघून डोळे वटारायचे. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जायचा आणि जे शिकलं ते विटांत जायचं. रिकाम्या बाकांपुढे उभं राहून मी कितीदा म्हटलं असेल की पुरे झालं, राजीनामा देते. पण ती मुलगी जायची नाही. तिने बापाला सांगितलं होतं की तिला नर्स व्हायचंय. तिच्या आईला धाकट्याच्या बाळंतपणात पाड्यावरून झोळीत घालून आणलं होतं, त्या वेळी दवाखान्यातल्या एका नर्सने रात्रभर आईचा हात सोडला नव्हता. तेवढं एक तिच्या डोक्यात बसलं होतं. बाप एकदा शाळेत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

‘‘बाई, दहावीपरेंत थांबतो. पास झाली न नर्सचं जमलं तर बरं. नायतर मंग भट्टीवर घेऊन जाईन न लगीन लावीन. मला पन दोन हात कमी पडतात.’’

त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. त्याने दिलेला शब्द पाळला आणि ती दहावीला इंग्रजीत चांगली पास झाली. पाड्यावरची पहिली. मग नर्सच्या कोर्ससाठी मुलाखत लागली, ठाण्याला. बापाला तिथलं काही ठाऊक नव्हतं म्हणून मी रजा टाकून तिला घेऊन गेले. बाहेरच्या बाकावर बसले. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं. मी हाताने ‘जा, जा’ केलं.

ती फार लवकर बाहेर आली.

फलाटावर बसल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘बाई, त्या मॅडमच्या हातात माझा कागद होता. त्याच्यावर नाव लिहेल होतं. तरी बोलल्या, व्हॉट इज युवर नेम? मंग भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. व्हॉट इज दॅट?’’

‘‘मग?’’

‘‘मला काय सुचलंच नाय. वाटलं, यांना सगलं म्हाईत हाय, मंग कशाला विचारतात? काय तरी पकडायचं हाय यांना. मी खाली बघितलं.’’

‘‘अगं बये!’’ मी एवढ्या जोरात ओरडले की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. एवढं येत असून! घड्याळ म्हणायला काय जात होतं? मला तिचा राग आला, त्या मॅडमचा आला, त्या घड्याळाचा आला. आणि सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा, की ती मुलगी चूक नव्हती. घाबरल्यावर माणूस शाळेत शिकलेलं विसरतो आणि घरात शिकलेलं करतो. तिने आईने शिकवलेलं केलं.

यादीत तिचं नाव आलं नाही. दिवाळीनंतर ती बापाबरोबर भट्टीवर गेली. ती निघायच्या आधी मी तिच्या पाड्यावर जाऊन आले, बापाला हात जोडले, म्हटलं लग्नाचं एक वर्ष थांबा. तो म्हणाला, ‘‘एकच वरीस बाई. पुढच्या वरसाला मला विचारू नका.’’ त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. तोही माझ्यासारखाच थकलेला होता.

पावसाच्या तोंडावर ती परत आली तेव्हा हात पाहवत नव्हते. तळहातांना भेगा, चेहरा रापलेला. तिला म्हटलं, शहापुरात माझ्या घरी येत जा. ती रविवारी यायची. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसायचे आणि तिला वस्तू दाखवून विचारायचे. सुरी, कढई, खिडकी. ती पुन्हा तशीच ढिम्म. एकदा मी सुरी खाली टाकली आणि म्हटलं, ‘‘हे बघ. घड्याळ काय आहे ते त्या बाईला माहीत आहे. पण तुला इंग्रजी येतं की नाही, हे तिला माहीत आहे का?’’

ती विचार करून म्हणाली, ‘‘नाय.’’

‘‘मग तिला तेच विचारायचंय. ते तिला खरंच ठाऊक नाहीये. ती गार्ड नाही.’’

‘‘मंग तसं सरळ विचारावं नं,’’ ती म्हणाली.

मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. सरळ विचारावं! एवढ्या वर्षांच्या प्रशिक्षणांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. पण त्या दिवसापासून सुरी दाखवली की ती ‘नाईफ’ म्हणायला लागली, जरा वैतागून, माझ्यावर उपकार केल्यासारखं.

दुसऱ्या वर्षी मला रजा मिळाली नाही, बाप आणि ती दोघंच मुलाखतीला गेले. काही दिवसांनी बाप शाळेच्या फाटकापाशी उभा दिसला. तो जवळ आला, टोपी काढली आणि म्हणाला, ‘‘घेतली बाई तिला.’’ मी तिथेच, पोरांच्या देखत, रडले. मग घंटा झाली आणि सातवीचा तास होता, तो घेतला.

पुढे पहिलीपासून इंग्रजी आलं आणि आमच्या तालुक्यांत एकच धांदल उडाली. ज्या प्राथमिक शिक्षकांनी स्वतः दहावीनंतर इंग्रजीचं पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनी आता ते पहिलीच्या पोरांना शिकवायचं होतं. आणि त्यांना शिकवायला मला पकडलं. शहापूर झालं, मग मुरबाड. मी त्यांना सांगायचे, ठाऊक नसलेलं विचारा, खरं उत्तर घ्या. ते सभ्यपणे ऐकायचे आणि मग कुणीतरी हात वर करायचं. ‘‘मॅडम, ते ठीकाय. पण दोन वर्ग एकत्र बसतात, पोषण आहाराचं बघायचं, मतदार याद्या करायच्या. शेळीच्या गप्पा मारत बसलो तर पुस्तक कधी संपवायचं?’’ आणि त्यांचं चुकत नव्हतं. आधी मी वाद घालायचे, नंतर तेही सोडून दिलं. छापून आलेली पुस्तिका वाचायची, पेन वर धरायचं, ‘व्हॉट इज धिस’ म्हणायचं, आणि समोरची मोठी माणसं एका सुरात ओरडायची. सोपं होतं. कुणाला काही लागत नव्हतं.

अशाच एका उन्हाळ्यात मुरबाडच्या प्रशिक्षणात पेन हातात धरून उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं नीट आठवत नाही. कुणीतरी रिक्षा आणली. शुद्धीवर आले तेव्हा सरकारी दवाखान्याच्या खाटेवर होते, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळलेला, आणि पांढऱ्या कपड्यांतली एक बाई माझ्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघत होती. केस अजून तसेच, तेलाने चप्प.

ती मुरबाड तालुक्यात कुठेतरी आहे एवढं मला माहीत होतं. पण शोधायला कधी गेले नव्हते, वेळच मिळाला नाही.

‘‘जेवलात का बाई?’’ तिने विचारलं.

‘‘हो गं.’’

‘‘झोप लागते?’’

‘‘लागते की. काही नाही झालं मला, जरा ऊन लागलं. मला सोड, तिकडे सगळे खोळंबलेत.’’

तिने पट्टा सोडवला. गुंडाळून ठेवला. मग खाटेजवळचं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. एवढ्या वर्षांत मला हजारदा विचारलं गेलं होतं, किती पोरं पास झाली, अहवाल कुठाय, कार्डं कुठेत, स्वयंपाक झाला का. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असायचं किंवा नको असायचं. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

‘‘बाई,’’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘आर यू टायर्ड?’’

‘‘नो, नो,’’ तोंडातून निघून गेलं.

ती हसली नाही. ‘‘खरं उत्तर,’’ ती म्हणाली. ‘‘कायदा तुमचाच हाय.’’

मी डोकं उशीवर टेकलं.

‘‘येस,’’ मी म्हटलं.

तिने माझा हात हातात घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला, जो ती दिवसभर प्रत्येक पेशंटला मराठीत विचारत असेल.

‘‘सिन्स व्हेन?’’

मी आठवायला लागले. ती हात न सोडता थांबली.